दोन इंचांच्या फोटोला परवानगी

ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्या मामांना सारी गल्ली मामाच म्हणायची. खरी भाची मात्र एकच. गिऱ्हाइकाच्या बाबतीत मामा फार काटेकोर. दोन इंचांच्या फोटोसाठीसुद्धा चार पोझ काढत, पडद्यावर दाखवत आणि विचारत, "हा चालेल का?" एखाद्याला स्वतःचं नाक पसंत पडेपर्यंत अर्धा तास जाई. नाक काही बदलत नसे, पण मामांचा धीरही सुटत नसे.

भाचीचे आणि तिच्या मैत्रिणींचे फोटो ते दोन वर्षं हौसेने टिपत होते. पोरी जमिनीवर लोळताहेत, एकमेकींचे केस कापून बिघडवताहेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "काढू ना गं?" पोरी म्हणाल्या, "काढा हो मामा." त्या एका होकारावर मामांनी दोन वर्षं भागवलं.

मग त्या फोटोंचं त्यांनी प्रदर्शन भरवलं. त्यात सगळ्यांत मोठा फोटो भाचीचा होता. न्हाणीघराच्या दारात बसलेली, डोळे सुजलेले, मुठीत फोन. ठरलेलं लग्न मोडलं, त्या दुपारचा. लोक तिथेच थबकत होते आणि मामांची छाती फुगत होती.

भाची ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन कौतुकाने आली. मैत्रीण हळूच म्हणाली, "ही तू?"

भाची मामांकडे वळली. "त्या दिवशी तू आईला म्हणालास, रडू दे तिला, मी बसतो जवळ."

"बसलोच होतो गं."

"कॅमेरा घेऊन."

"लोकांना फार भिडलाय, बाळा. एक बाई तर रडल्या."

"मीही रडतेच आहे त्यात. मला विचारलंस, हा चालेल का?"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फोटो उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि शिक्षा झालेल्या पोरासारखे स्वतःही तिथेच उभे राहिले.

तीन आठवडे भाची फिरकली नाही. मग एका सकाळी येऊन दुकानातल्या स्टुलावर बसली. "नव्या नोकरीसाठी फोटो हवाय."

चौथ्या पोझमध्ये ती सुरेख आली होती. तिने बोट ठेवलं दुसरीवर. त्यात डोळे अर्धे मिटलेले. मामांची जीभ वळवळली, ती त्यांनी दाताखाली धरली.

"बाकीचे पुसून टाक. माझ्यासमोर."

मामांनी एकेक पुसला. मग मान खाली घालून म्हणाले, "त्या दुपारचे अजून अकरा आहेत."

"वाटलंच मला." तिने स्टूल पडद्याजवळ ओढलं. "दाखव एकेक. आणि दर वेळी विचार."