भिंतीवरच्या सुखदेवचे डोळे

आधी हातातला चहा खाली ठेवा, मंग ऐका. मागच्या खेपेला हे सांगतलं तं माह्या जावेनं नव्या चादरीवर फुर्रकन चहा उडवला. अन् सांगून ठेवते, यात जो बावळटपणा झाला तो माह्या एकटीचा. मी एक जित्ता माणूस मारला हो! विळ्यानं नाई, रंगानं!

माही पिठाची गिरणी आहे. चिखलीहून जीपनं आलं की स्टँडवर उतरल्या उतरल्या समोरच. गिरणीवालीवर पीठ कमी देल्याचा आळ असतोच, त्याच्यावर मी बोलत नाई. गिरणीले लागून माहं घर. अन् रस्त्याच्या पलीकडं स्टँडची मोठी कोरी भिंत.

आमच्या गावचा सुखदेव क्लॅरिओनेट वाजवते. कसा वाजवते म्हणता? चिखलीच्या बँडमधी होता तवा त्याच्यापायी वराती मांडवात पोचत नव्हत्या, नवरदेव घोड्यावर पेंगत बसे. मंग मुंबईले गेला, मोठमोठ्या गाण्यायत वाजवू लागला, टीव्हीवर दिसू लागला. माह्या वर्गातला बरं का!

पण पठ्ठ्या गावावर रुसला. गावानं त्याचा सत्कार ठेवला होता. तो स्टेजवर डोलून डोलून वाजवून राह्यला, अन् इकडं माइकवर कोणीतरी पुकारलं, "पंगत बसली हो!" झालं! मांडव सारा खाली. सुखदेवनं क्लॅरिओनेट पेटीत घातला अन् जो गेला तो गेला. किती वर्षं झाली, गावात पाय नाई ठेवला.

झुरत होती ती त्याची मोठी बहीण, शांताअक्का. एकटीच राहते. एवढासा ज्वारीचा डबा दळायले आणते अन् दर वेळी म्हणते, "मंदे, फोनवर बोलते वं तो. पण ताटावर समोर बसला पाह्यजे ना."

मी म्हणलं, आपण याचं भलंमोठं चित्र काढू भिंतीवर! पाघळंल गडी. अक्काले शब्द देऊन टाकला, "तुह्या भावाले मी गावात आणतेच." सरपंच हो म्हणले, बाळू पेंटर कामाले लागला, अन् मी गिरणीच्या दारातून सुपरवायझर. मले कोणं नेमलं? कोणंच नाई!

बाळूनं चेहरा झकास काढला. छातीशी धरलेला क्लॅरिओनेट, टपोरे डोळे. पण डोळे नेमके माह्या ओसरीत! केस विंचरायले बसावं तं सुखदेव पाहून राह्यला. भाकर खायले बसावं तं सुखदेव घास मोजून राह्यला.

"बाळू, याचे डोळे झाक बे."

"काऊन काकू? चांगले तं आले."

"चांगले आले म्हणूनच झाक. मले माह्याच घरात पदर सावरत बसा लागते. अन् वाजवणारा डोळे मिटूनच वाजवते. तल्लीन दिसंल."

बाळूनं झाकले. मंग मले वाटलं, गळा भुंडा दिसते. एवढा मोठा कलाकार अन् गळ्यात काहीच नाई? "बाळू, झेंडूचा हार टाक. जाडजूड!" टाकला. मंग संध्याकाळी चित्र दिसंना. तं मी आमच्या ह्यायले लावून देवघरातला लाल झिरोचा बल्ब चित्राखाली लटकवून घेतला.

आता तुम्हीच सांगा. डोळे मिटलेले, छातीवर क्लॅरिओनेट, गळ्यात हार, खाली लाल दिवा. शेंबड्या पोरालेही समजंल याचं काय झालं ते! अन् मी? मी लांबून पाहून म्हणलं, "वा! आता कसा भारदस्त वाटते!"

दुसऱ्या दिवशी मोबाईल टुणटुण करू लागला. गावाच्या ग्रुपवर सुखदेवचा फोटो अन् खाली, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एसटीच्या खिडकीतून कोणीतरी भिंतीचा फोटो काढून टाकला होता, हे मागून समजलं. त्या टायमाले मले सारं खरंच वाटलं. अन् माही अक्कल पाहा! फोटो निरखून पाह्यला अन् रडत रडत ह्यायले म्हणलं, "अहो, फोटो आपल्याच भिंतीचा लावला. बरं झालं बाई, चित्र वेळेवर झालं!"

ग्रुपवर तं पूर आला. एकानं लिहिलं, आमच्या लग्नात त्यानं असा वाजवला की व्याही भांडण विसरले. दुसऱ्यानं लिहिलं, पंगतीले पहिले मीच पळालो होतो, माफ कर भाऊ. मीही डोळे पुसत लिहिलं, 'सुखदेव, तू रुसला ते बरोबरच होतं. भात काही पळून चालला नव्हता. तुह्यासारखा वाजवणारा या गावाले पुन्हा भेटणार नाई.'

गिरणी बंद केली, चार बाया गोळा केल्या अन् निघालो शांताअक्काकडं. पुढं मी, गळा काढून, अन् सगळ्यात मागं आमचे हे.

अक्का अंगणात तूर पाखडत बसली होती. मले रडताना पाह्यलं अन् सूप टाकून धावलीच. माह्या गळ्यात पडून तीही हंबरडा फोडू लागली. "माय वं मंदे! असं कसं झालं वं! सकाळीच तं भाऊजी स्टँडवर दिसले होते!"

"मी इथंच आहो ना!" आमचे हे मागून ओरडले.

अक्कानं ह्यायच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. "मंग गेलं कोण?"

आता मी कोणत्या तोंडानं सांगू? मोबाईल तिच्यापुढं धरला. अक्कानं तो हातात घेऊन वाचला. "सकाळीच तं बोल्ला वं माह्याशी," एवढंच म्हणे. कोणीतरी अक्काच्याच फोनवरून सुखदेवले फोन लावला. रिंग गेली, गेली, अन् बंद झाली. पुन्हा लावला, तेच. मले पहिल्यांदा वाटलं, या बाईले मी भाऊ आणून देणार होती, अन् काय घेऊन आली!

तेवढ्यात तिकडूनच फोन आला. कोणीतरी स्पीकरवर टाकला.

"अक्का, काऊन वं? मी रेकॉर्डिंगमधी होतो."

एक बाई 'भूत भूत' करत फाटकाबाहेर पळाली, खरं सांगते! अक्का मात्र हसून राह्यली का रडून राह्यली, तिचं तिलेच समजंना.

"बाहेर येऊन पाहतो तं मोबाईल भरलेला," सुखदेव म्हणे. "सगळं वाचत बसलो. मंदी आहे का तिथं?"

मी ह्यायच्या मागं लपली. ह्यायनं मले पुढं ढकललं. अशा टायमाले नवऱ्याचा काही उपयोग नाई.

"मंदे, भात पळून चालला नव्हता म्हणतेस?"

"हाव रे..."

"हे जित्तेपणी लिहिता येत नव्हतं का वं?"

"तू जित्ता आहेस हे मालूम असतं तं कोणं लिहिलं असतं?"

तिकडं हसण्याचा जो स्फोट झाला! मंग हसू ओसरलं. अन् हळूच म्हणे, "अक्का, येतो मी. भाकर टाकून ठेव."

आला हो खरंच आला! त्याच आठवड्यात, चिखलीच्या जीपमधून. भिंतीपुढं कमरेवर हात ठेवून उभा राह्यला. "मंदे, तू तं माहा दहावाच घालून ठेवला," म्हणे. अन् तिथंच पेटी उघडली. त्या दिवशी जेवण तयार होतं, पण एक माणूस जागचा उठला नाई. भात थंडगार झाला, तो थंड भात आम्ही खुशीत खाल्ला. शांताअक्का त्याच्या ताटासमोर बसून नुसती पाहत होती. तिनं काय खाल्लं देव जाणे.

जायच्या आधी सुखदेवनं बाळूले बोलावलं. "हार पूस, डोळे उघड माहे. फक्त मंदीच्या ओसरीत पाहायले लावू नको, तिले पदराचा तरास होते."

बाळूनं हार पुसला, डोळे उघडले अन् बुबुळं बोटभर बाजूले सरकवली. ओसरीतून नजर हलली. अन् कुठं गेली? थेट माह्या गिरणीच्या काट्यावर! आता कोणीही दळण घ्यायले आलं की एकच, "मंदावयनी, नीट मोजा बरं, भाऊ पाहून राह्यले!"

परवा शांताअक्का आली. आता तिचा डबा चांगला मोठा झाला आहे, कारण भाऊ सवड भेटली की येऊन राहते. मी पीठ काट्यावर ठेवलं. अक्कानं एकदा काट्याकडं पाह्यलं, एकदा भिंतीकडं, अन् पदर तोंडाले लावून म्हणे, "मंदे, माह्या भावाचे डोळे तू मिटवले होते, तेच बरं होतं नाई वं तुले?"

मी माह्या पिंपातलं दोन मुठी पीठ काढलं अन् गुपचूप तिच्या डब्यात टाकलं.