न कापणारी सुरी

लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले होते, तेव्हा शेजारी रूथ नावाची बाई राहायची. तिचा धर्म विक्का, निसर्गाला पुजणारा. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या पूजेला तिनं मला आवर्जून बोलावलं. परसातल्या टेबलावर मेणबत्ती, पाणी, सफरचंदं आणि काळ्या मुठीची दुधारी सुरी मांडलेली होती. हातभार लावावा म्हणून मी ती सुरी उचलून सफरचंद चिरायला घेतलं, तशी तिनं हळूच माझा हात धरला.

"हिनं काही कापायचं नसतं," ती म्हणाली.

मी ओशाळले. मला तरी हे कळायला हवं होतं. सकाळीच नातवाच्या उशाखाली सुरी ठेवून आले होते आणि कांदा चिरायला ती उचलणाऱ्या जावयावर डाफरलेही होते. अशी सुरी नुसती रेघ ओढते. या बाजूला आपलं माणूस आणि त्या बाजूला बाकी सगळं. रेघ दिसत नाही, पण ओढणाऱ्याला तिचाच आधार असतो.

रूथनं सुरीच्या टोकानं हवेत मोठं रिंगण आखलं. आत ती आणि नवऱ्याची रिकामी खुर्ची. मी बाहेर गवतावर. मंत्र म्हणता म्हणता तिला हुंदका फुटला. धावत जावंसं वाटलं, पण तिची रेघ मोडेल म्हणून मी जागची हलले नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, जवळ आली आणि त्याच सुरीनं माझ्यासमोरची हवा दाराएवढी कापली.

"आत या."

मी चपला बाहेर काढल्या आणि आत गेले.