पासला ई-डी

इंग्रजीची मला लाज वाटते, हे काही नवीन नाही. पण त्या लाजेने मी काय करून बसेन, ते कळलं या वर्षी, बोरिवलीतल्या एका हार्ट चेकअप सेंटरच्या काउंटरवर. मी मराठी शाळेत शिकलेली. एबीसीडी पाचवीत आली, तीही घाबरत घाबरत. सेंटरमध्ये मी फायली लावायचे. काउंटरवरची मुलगी लग्न होऊन गेली आणि डॉक्टर मॅडमनी मला तिच्या खुर्चीत बसवलं. पहिल्याच आठवड्यात मी एका पेशंटला फोनवर सांगितलं, “सर, यू डिड नॉट कॉल्ड.” मॅडम मागेच उभ्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, “महिनाभर बघते. इंग्लिश सुधारलं नाही तर काउंटरला दुसरी कोणीतरी बघावी लागेल हं.” धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

काउंटर मला सोडायचं नव्हतं. पगार थोडा वाढला होता, ते आहेच. पण चारकोपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ‘आमची ही रिसेप्शनला असते’ असं नवऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आता परत फायलींकडे गेले तर काय तोंड दाखवणार?

मुलगी नववीत, इंग्लिश मीडियमला. भाकऱ्या थापता थापता तिच्याकडेच शिकवणी लावली.

“मम्मी, रेग्युलर व्हर्ब सगळ्यात सोपे. मागे ई-डी लाव, झाला पास्ट टेन्स.”

“वॉक, वॉक-एड,” मी म्हटलं.

ओट्याला धरून हसली कार्टी. “वॉक्ट गं! तो ई खायचा.”

खायचाच होता तर लिहायचा कशाला, ते इंग्रजांनाच ठाऊक. पण मी निमूट खाल्ला. वेट, वेटेड. स्टॉप, स्टॉप्ड. वर्तमानकाळात ‘शी’ आली की मागे एस, भविष्यकाळात पुढे विल. आणि वाक्यात डिड आला की ई-डी काढून ठेवायचा, देवळाबाहेर चप्पल काढतो तसा. शेअर रिक्षात मी हे पुटपुटायचे, तर शेजारची बाई जप चाललाय समजून जरा अदबीने सरकून बसली.

महिना संपत आला तेव्हा त्या काकू आल्या. सत्तरीच्या, नीटनेटक्या, एकट्याच. मुलगा अमेरिकेत. ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती टेस्ट होती आणि काकूंचे हात गार पडले होते.

“नापास झाले तर गं?”

“काही नाही होत काकू. पास होणार तुम्ही,” मी म्हटलं. आमच्याकडे सगळे असंच बोलतात. टेस्ट चांगली आली की पेशंट पास.

झाल्याच पास. मॅडमनी दारातून मला अंगठा वर करून दाखवला आणि काकू कपडे बदलायला आत गेल्या. तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा मुलगा. “हॅलो, आय ॲम कॉलिंग अबाउट माय मदर.” मी आधी मॅडमकडे बघितलं. मग लक्षात आलं, सांगायचं ते सगळं होऊन गेलेलं, आणि क्रियापदं सगळी रेग्युलर! मॅडमही ऐकू येईल इतक्या जवळ होत्या. मी ताठ बसले.

“यस सर. शी अराइव्ड ॲट नाइन. शी वेटेड. शी वॉक्ड ऑन द मशीन. देन द मशीन स्टॉप्ड. देन शी पास्ड.”

“व्हॉट?”

वाटलं, उच्चार हुकला. म्हणून ई पूर्ण खाऊन, शेवटचा ट ठणठणीत वाजवून पुन्हा म्हटलं, “पास्ट, सर. युवर मदर पास्ट.”

पलीकडे तो माणूस रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. चांगली बातमी ऐकून कोणी इतकं रडतं का?

काकू पदर सारखा करत बाहेर आल्या. “माझ्या मुलाचा का गं? दे इकडे. हॅलो, काय रे? रडतोस कशाला? कोण गेलं? मी? अरे, मी बोलतेय ना!” मग माझ्याकडे वळल्या. “काय सांगितलंस गं त्याला?”

“पास झाल्या म्हटलं, काकू.”

काकूंना आधी कळलं, मग सोफ्यावरच्या लोकांना, सगळ्यांत शेवटी मला. तिकडे नुसतं ‘पास्ड’ म्हटलं की माणूस गेला. काकू तर हसून हसून खालीच बसल्या. मॅडमसुद्धा हसल्या. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं होतं. एका माणसाची आई मी बसल्या जागी मारली होती, तीही व्याकरण न चुकता.

“तुझ्याशी बोलायचंय म्हणतो,” म्हणत काकूंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. आता तो शिव्या घालणार, तक्रार करणार, काउंटर गेलं. तसं काहीच झालं नाही. त्याचा आवाज अजून ओला होता.

“ताई, आईशी बोलताना ऐकलं मी तुम्हाला. तुम्ही मराठी, मी मराठी. साधं ‘पास झाल्या’ म्हणायचं ना मला. इंग्लिश कशाला?”

खरंच, कशाला? काकूंच्या फॉर्मवर आडनाव मला दिसत होतं. सकाळपासून त्याच्या आईशी मी मराठीतच बोलत होते. ‘चुकलं माझं’, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मॅडम बघत होत्या.

“सॉरी, सर,” मी म्हटलं.