एका घराची एक बल्ली

गॅलरीवर गाणाऱ्या बावीस जणी चढल्या होत्या आणि गॅलरीखाली एकही टेकू नव्हता. मी चर्चच्या दारात चपला काढत होतो. एक काढली, दुसरी पायातच राहिली.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहायला खालापूरला. इमारत उभी राहील की नाही, याचं गणित मांडणं हे माझं काम. कडावजवळच्या आमच्या या छोट्या चर्चमध्ये गॅलरी बांधायची ठरली, तेव्हा ड्रॉइंग मी करून दिलं. सेवा म्हणून, फुकट. त्या रविवारी तिचं समर्पण होतं.

ओतलेलं काँक्रीट लगेच स्वतःचा भार पेलत नाही. खालून लाकडी बल्ल्यांचे टेकू द्यावे लागतात. गॅलरी पेलणाऱ्या एवढ्या लांब बीमचे टेकू एकवीस दिवस हलवायचे नसतात. हे मी पास्टरांना फोनवर सांगितलं होतं. आज नववा दिवस होता.

बल्ल्या मंडळींनी आपापल्या घरून दिल्या होत्या. एका घराची एक बल्ली, तिच्यावर खडूनं घराचं नाव. मला ती कल्पना फार आवडली होती. पुढची कल्पना मात्र मला कुणी सांगितली नव्हती. समर्पणाच्या सकाळी प्रत्येक घरानं आपली बल्ली प्रार्थना करून काढायची आणि घरी न्यायची. आता छत प्रभू सांभाळतो, ही साक्ष.

“मी सांगलं व्हतं पास्टरना,” हिराजी मिस्त्री कुजबुजला. बांधकाम त्याचंच. तो आमच्या धर्माचा नाही, सत्काराला बोलावला होता म्हणून इस्त्रीच्या शर्टात आला होता. “बोलले, साक्ष हाय. देव तारी त्याला कोन मारी, पर बीमला कोन सांगनार?”

“लाइनदोरी आहे?” मी विचारलं.

सणाच्या कपड्यांतही मिस्त्रीच्या खिशात दोरी असते. आम्ही मागच्या बाजूनं ती बीमखाली या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणली. बीम मधोमध बोटभर खाली आला होता. खालून वर एक चीर गेली होती. ती जिथं संपत होती तिथं मी स्टुलावर चढून पेन्सिलनं रेघ मारली. वर गीताचं पहिलं कडवं चालू होतं. दुसरं संपलं तेव्हा चीर रेघेच्या नखभर पुढं गेली होती.

पास्टर वेदीशेजारच्या खोलीत होते.

“सगळ्यांना खाली उतरवा. गॅलरी बसतेय.”

“साहेब, आज? लोकांचा विश्वास डळमळेल. माणूस विश्वासानं तारला जातो, कर्मांनी नाही, हे मी यांना वर्षभर शिकवतोय.”

“तारण विश्वासानं होत असेल. बीम एकवीस दिवसांनीच होतो.”

माझा आवाज चढला होता. पास्टरांनी उघड्या दारातून वर गॅलरीकडे पाहिलं. गाणाऱ्यांच्या पुढं त्यांची बायको, आमची रूथवहिनी, हात हलवत उभी होती. पास्टर दाराशी आले.

“काय करू, ते सांगा.”

“पळापळ नको. एकदम हलल्या तर धक्का बसेल. जिन्याकडच्या आधी, एकेक करून. गाणं थांबू देऊ नका.”

पास्टर बाहेर गेले, शांतपणे बोलले. “गाणाऱ्या भगिनींनी गात गात, एकेक करून खाली यावं. गॅलरीखाली बसलेल्यांनी आधी बाहेर पडावं. आणि आज थाळीत अर्पण टाकू नका. घरी जा, आपापली बल्ली परत आणा.”

म्हाताऱ्या मार्थाबाई भर सभेत उठल्या. “अन् साक्षेचं काय, पास्टर?”

“माझं चुकलं, बाई. बल्ली आणा.”

पास्टरांची बल्ली चर्चच्या ओट्यावरच होती. हिराजीनं ती उचलली आणि थेट बीमखाली शिरला. मी ओरडलो, “अजून वर माणसं आहेत!”

“म्हनूनच,” तो म्हणाला.

पाचर ठोकायची सोय नव्हती, ठोकल्यानं बीमला धक्का बसला असता. त्यानं बल्ली उभी केली आणि पाचर हातानंच दाबत सरकवली. बल्ली डगमगत होती. पांढऱ्या झग्यात पास्टर आत गेले आणि तिला मिठी मारून उभे राहिले. डोक्यावर सिमेंटचा चुरा पडत होता. वरून एकेक आवाज कमी होत गेला. शेवटी रूथवहिनी एकटीच गात होती. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आली, तेव्हा गॅलरी रिकामी होती.

मग बल्ल्या आल्या. खांद्यावर, सायकलवर, एक टेंपोतून. मार्थाबाईंची दोन नातसुनांनी धरून आणली. तासाभरात सगळी नावं बीमखाली परत उभी होती आणि चीर थांबली होती.

तो बीम कधीच बरा झाला नाही. मधोमध लोखंडी खांब द्यावा लागला. त्याच्या आड दोन बाकांवरून पास्टर दिसत नाहीत. पास्टर म्हणतात, “चांगली कामं तारणाचा टेकू नाहीत, हे मी अजूनही सांगतो. पण तारलेल्या माणसानं बल्ली तर उचलावी.” मग खांबावर हात ठेवतात.

त्यांनी मला एक प्रश्न कधी विचारला नाही, म्हणून इथं मीच सांगतो. क्लायंटच्या साइटवर स्लॅब भरल्यानंतर मी तीनदा जातो. टेकू काढायची परवानगी लेखी देतो. इथं फुकटचं काम, म्हणून एका फोनवर भागवलं. खालापूरहून कडाव काही फार लांब नाही. मी एकदाही गेलो नव्हतो. सांगितलंय तसं ते करतील, असा माझा विश्वास होता.