चाळलेलं पीठ

आमच्याकडे माणसाचा जीव जिथं गेला, त्या जागी दहाव्याच्या संध्याकाळी गव्हाचं पीठ पसरतात. दिवा लावतात, पिठावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पाऊल शोधतात. गाईचं दिसलं तर माणूस गाईच्या जन्माला गेला, पाखराचं दिसलं तर पाखराच्या.

माझे यजमान जळगावात डाळ मिलमध्ये वायरमन होते. देव मानत नव्हते. मी मानत होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण श्रावणात रोज पोथी वाचायची, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. ते चहा पीत ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, "हे लिहिणारा तिथं हजर होता का?"

"पोथीत आहे," मी म्हणायचे.

"पोथी खरी कशावरून?"

"देवानंच सांगितली."

"असं कुठं लिहिलंय?"

"पोथीतच."

ते हसायचे. "म्हणजे साक्षीदार तोच आणि न्यायाधीशही तोच." मग समजावून सांगायचे. जुने ग्रंथ हातानं उतरवलेले, एका प्रतीत एक तर दुसरीत दुसरंच. उतरवणाऱ्यानं काय घातलं, काय गाळलं, कोण सांगणार? "आमच्या आजोबांचं मूळ गाव कोणतं यावर चार काकांचं एकमत नाही. आणि तू हजारो वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दासकट सांगतेस."

चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण त्यांच्यापुढे उघडायचं. तरी हे निघालं की मी पुढची ओवी वाचायची. पूजेचा नारळ मात्र तेच आणून द्यायचे.

त्यांचे मोठे भाऊ धुळ्याकडे गावात असतात. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा आले की वाद ठरलेला.

"तुले देव दिसस नही, मंग हवा तरी दिसस का रे?"

"पंखा लावा का हवा लागस, आबा. देव कोन्ता बटनवर चालू व्हस, ते सांगा."

"मरशी तव्हय समजी!" असं म्हणून आबाच आधी हसायचे.

मागच्या वर्षी यजमान पोटाच्या दुखण्यानं खंगत गेले. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी मी म्हटलं, "आता तरी नाव घ्या. घरात ऐकायला कोणी नाही."

"बल्ब गेला की उजेड कुठं गेला, असं विचारतेस का?" ते म्हणाले. "संपलो की संपलो."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. पोथी खरी असेल, तर देव न मानणाऱ्याचं पुढं काय होतं ते मी स्वतः वाचलेलं आहे. आणि ते म्हणत होते ते खरं असेल, तर ते कुठंच नाहीत. देवापुढे बसून यातलं कोणतं मागावं ते कळेना. ते गेल्यावर एकच आशा धरली, की पिठावर काहीतरी उमटेल. कोणत्याही जन्मात असोत, पण असोत.

म्हणून पीठ मीच चाळलं. चाळणीनं नाही, जुन्या पातळ लुगड्यातून, म्हणजे हलक्यातलं हलकं पाऊलही उमटावं. जाऊबाई, आबांच्या घरच्या, बघत होत्या.

"इतलं बारीक कसाले चाळस वं? करंज्या करना शेत का?"

पाल येऊ नये म्हणून खिडकी लावली. मुंग्यांसाठी भोवती हळदीची रेघ ओढली. मला मुंगीचा माग नको होता, खरं पाऊल हवं होतं. पीठ हातानं सारखं केलं आणि टोपली पालथी घातली.

सकाळी आबांनी टोपली उचलली. मी वाकून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. पीठ जसंच्या तसं होतं.

"दखा, दखा! पाखरूनं पाऊल!" जाऊबाई ओरडल्या. "आठे दखा, तीन बोटं!"

"हां, पाखरूच शे," कोणीतरी म्हणालं. मग सगळ्यांनाच दिसलं. जाऊबाईंनी दाखवलं तिथं तीन बारीक रेघा होत्या. पीठ सारखं करताना माझीच बोटं तिथं फिरली होती.

आबा फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "पाखरू झाया मना भाऊ," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुले दिसनं ना, माय?"

मी मान डोलावली.

आता आबा रोज अंगणात बाजरी टाकतात. मधूनमधून मला फोन करतात. "आज तो उना व्हता. बाजरी खाई गया."

"पोटभर खाल्ली ना?" मी विचारते.

"बठ्ठी! एक दाना नही ठेवा!" ते म्हणतात. त्यांच्या आवाजात इतका आनंद असतो की मला फोन ठेवावासा वाटत नाही. मग ते सांगत राहतात, कुठल्या फांदीवर बसला, किती वेळ बसला, कसा उडाला. मी हं हं करते. त्या रेघा माझ्या होत्या हे मी त्यांना कधी सांगणार नाही. पण ते मला माहीत आहे, आणि माहीत असताना त्यांच्यासारखं बाजरी टाकून वाट बघणं मला जमत नाही.