खानदानी सांधे

पडदे शिवणाऱ्या त्या बाईला माहेरी सगळे ‘रबर’ म्हणत. हे कौतुक आहे, असं तिला लहानपणापासून सांगण्यात आलं होतं. अंगठा वाकून थेट मनगटाला टेकायचा, कोपर उलटं वळायचं, गालाची कातडी चिमटीत धरून ओढली की भलतीच लांब यायची. पाहुणे आले की चहाआधी हा कार्यक्रम. तळलेलं खाता खाता गाल ओढून बघणाऱ्यांचे चेहरे ती विसरली. गालावरचं तेल विसरली नाही.

वडीलही असेच होते. त्यांनी मागे घर ठेवलं नाही, जमीन ठेवली नाही, सांधे ठेवले. थोरल्या भावाला याचा कोण अभिमान. तो शाळेत कवायत शिकवायचा, त्यामुळे हाडांचा विषय आपलाच, अशी त्याची समजूत. बहिणीचा खांदा निखळला, मग तो जड पडदा चढवताना असो की नुसती कूस बदलताना, हा तिच्या काखेत पाय रोवून हात ओढायचा. कट्ट.

“बसला. ह्याला डॉक्टर कशाला?”

घरचे टाळ्या वाजवायचे. ती मोरीत जाऊन ओकायची.

ती जिथे शिवायची त्या दुकानाची मालकीण म्हणायची, “काल हसत होतीस, आज लंगडतेस. सोंगं पुरे.” आधीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं, म्हणून त्यांनी दोष मनावर ढकलला. मन मात्र कोणी तपासलं नव्हतं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं वाकवून पाहिली, कागदासारखे पातळ व्रण पाहिले आणि वडिलांबद्दल विचारलं.

“शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊती तुमच्यात जन्मापासून सैल आहेत,” त्या म्हणाल्या. “म्हणून सांधे निसटतात, जरा लागलं की काळंनिळं होतं, पोट बिघडतं, उभं राहिलं की गरगरतं आणि थकवा हटत नाही.”

“म्हणजे शिवणच कच्ची.”

“तसंच. मुळावर औषध नाही. स्नायू हळूहळू बळकट करायचे, म्हणजे ते सांध्यांना धरतील. हृदयही एकदा बघून घेऊ. करामती मात्र बंद. प्रत्येक वेळी सांधा आणखी सैल होतो.”

“आणि माझी मुलगी?”

“तिच्यात उतरायची शक्यता निम्मी. घेऊन या.”

मुलगी नऊ वर्षांची. तिचा अंगठा मनगटाला केव्हाच टेकत होता. मामानेच शिकवलं होतं. तपासणी पुढच्या आठवड्यात होती. त्याआधी भावाकडे जेवण निघालं आणि पाहुण्यांच्या ताटांत वाढून होतंय तोच त्याने भाचीला पुढे ओढलं.

“आता डबल खेळ. आधी आई, मग लेक.”

“दादा, नको. हा आजार आहे.”

“आजार? अगं, बाबांची देणगी ती.”

“हो. तेच डॉक्टरही म्हणाल्या. तुझा गुडघा सारखा सुजतो, तोही दाखव.”

“माझी जुनी दुखापत आहे,” भाऊ पाहुण्यांकडे बघून हसला. “हिला हल्ली शिकलेल्या डॉक्टरणी भेटल्यात. चल गं, दाखव मामाला.”

एका पाहुण्याने तोंडातला घास तसाच ठेवून मान पुढे काढली. त्याच्या ओठांवर रस्सा होता. मुलीचा अंगठा वाकू लागला. आईने तिचा हात धरला, आणि मग, आपण ओढतोय की काय म्हणून, सोडला.

“बेटा, दुखतं का?”

मुलीने मामाकडे पाहिलं. “रात्री दुखतं,” ती म्हणाली. “पण सगळे हसतात ना.”

वहिनीने रस्सा हवा का विचारलं, आणि सगळ्यांना हवा होता. “मोठे होताना दुखतंच मुलांना,” भाऊ म्हणाला. “मी ओढून देतो, मोकळं होईल.”

तो उठलाही. तेव्हा मुलीने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. पाहुणे जाईपर्यंत ती उठली नाही. आईने आपलं ताट बाजूला सारलं आणि तिला घास भरवला.