ओट्यासमोरची प्रार्थना

करी रोडच्या टॉवरमध्ये राहायला जायचं ठरलं तेव्हा सामानाच्या, सुताराच्या, गॅसवाल्याच्या सगळ्या याद्या मीच केल्या. पपांची प्रार्थनेची जागा त्यात सगळ्यात वर होती. पपा म्हणजे माझे सासरे. चिंचपोकळीची चाळ त्यांनी एकाच अटीवर सोडली होती: नवीन घरात करमलं नाही, तर ठाण्याला मुलीकडे जाईन. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. आमच्या घरात थट्टा करणारं दुसरं कोणी नाही.

सुताराने छान कोपरा करून दिला. मी उंची तपासली, पॉलिश तपासलं, दिव्याचं बटणसुद्धा. पहिल्या सकाळी पपा शाल पांघरून तिथे उभे राहिले आणि तसेच मागे वळले.

"सूनबाई, सूर्यनमस्कार घालू का?"

सुताराने सवयीने ईशान्य धरली होती. आम्ही बेने इस्रायल, इथले मराठी ज्यू, यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करतो, म्हणजे मुंबईतून पश्चिमेकडे. दिशा तेवढी मी तपासली नव्हती. घरात पश्चिमेच्या भिंती दोनच. एकीला संडास, दुसरीला स्वयंपाकाचा ओटा.

"ठाण्याची गॅलरी पश्चिमेला आहे," पपा सहज बोलल्यासारखे म्हणाले.

"चार दिवस ओट्यासमोर उभे राहून बघा. मी बाजूला सरकते."

ते तयार झाले. ओट्याच्या एका टोकाला मी आणि पोळ्या, दुसऱ्या टोकाला पपा. उभ्याने, पाय जुळवून मनात म्हणायची मुख्य प्रार्थना सुरू झाली की मध्ये बोलायचं नसतं. एकदा मी बाहेर फोनवर होते आणि आतून नुसतं "उं! उं!" ऐकू आलं. धावले. दूध कडेपर्यंत चढलेलं, पपा जागच्या जागी, फक्त भुवया नाचवत होते. प्रार्थना संपल्यावर म्हणाले, "यरुशलेमचं देऊळ पडलं, तेव्हाच आपले बळी बंद झाले. तू आज दुधाचा सुरू करत होतीस."

मी स्वतः रात्री झोपताना 'देव एकच' सांगणारा शेमा म्हणते, तोही अर्ध्या झोपेत. सकाळची प्रार्थना पपांचं खातं. पण आता ती कानावरच पडायची. सकाळच्या आशीर्वचनांत एक आहे, थकलेल्याला बळ देणाऱ्या देवाची स्तुती. एक दिवस डबे भरून माझे हात दुखत होते. पपांनी ते म्हटलं आणि माझ्या तोंडून जोरात निघालं, "आमेन!"

ते थांबले. मग पुढचं आशीर्वचन जरा मोठ्याने म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा आमेन म्हटलं. शेवटपर्यंत असंच चाललं, एक पोळी करपली.

शाल घडी करताना ते म्हणाले, "आपल्याच आशीर्वचनाला आपण आमेन म्हणायचं नसतं, ते ऐकणाऱ्याने म्हणायचं. तुझी सासू गेल्यापासून घरात मला कोणी म्हटलं नव्हतं."

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. पपांनी स्पीकरवर टाकला.

"मग पपा, कधी येताय?"

"नाही येत. इथे आमेन मिळतं."

"आमेन काय, मीपण म्हणेन की!"

"तू आधी सकाळी ऊठ," पपा म्हणाले.